जुन्या इंजिनाचा श्वास

ज्यांच्या विहिरीवर वीज पोंचली आहे अशा आमच्या कृषक बंधूंपैकीं अनेकांनीं जुनें तेलाचें इंजिन अद्यापि मोडींत घातलेलें नाहीं, आणि हें त्यांनीं शहाणपणाचेंच केलें आहे. वीज अवेळीं येते, मध्येंच जाते, आणि पीक तर कोणाची वाट पाहत नाहीं. अशा वेळीं खोपटांत उभें असलेलें इंजिन हाच काय तो आधार उरतो. त्या इंजिनांत तेल घालावें, डिझेल गाळून घ्यावें, थंड करण्याचें पाणी वाहतें आहे कीं नाहीं तें पाहावें, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु इंजिनाच्या पोटाला एक लहानसें तोंड असतें, त्याकडे वर्षानुवर्षें कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. आणि पाहिलेंच तर बहुधा तें बुजविण्याकरितां पाहतो. कारागीर लोक ह्या तोंडास ब्रीदर म्हणतात. त्याची निगा कशी राखावी हा ह्या लेखाचा विषय आहे. हा विषय आम्ही प्रथम पुस्तकांतून नव्हे तर आपल्याच चुकींतून शिकलों, म्हणून ती चूक आधीं सांगतों.

आमची चूक

कांहीं वर्षांमागें आमच्या विहिरीशेजारीं तुरीची मळणी चालली होती. भुसा व धूळ सारखी उडत होती. इंजिनाच्या ब्रीदरमधून तेलाचा वास व बारीक धूर येई, आणि त्याच वाटेनें धूळ आंत जाईल अशीहि आम्हांस शंका आली. आम्हीं जुन्या धोतराच्या तुकड्याची चौघडी करून ती त्या तोंडावर सुतळीनें घट्ट बांधली, आणि मोठें शहाणपण केलें असें समजून स्वस्थ झालों.

तीन-चार दिवसांत फ्लायव्हीलच्या मागून तेल गळूं लागलें. पट्टा तेलकट होऊन घसरूं लागला व पंपाचें पाणी निम्म्यावर आलें. एका कारागिरानें बेअरिंगें गेलीं असें निदान करून सर्व इंजिन खोलण्याचा सल्ला दिला. सामान येईपर्यंत आठ दिवस गेले. गहूं फुलोऱ्यावर होता. त्याचें एक पाणी चुकलें, आणि पुढें ओंब्यांतून चिरमुटलेला दाणा निघाला.

सामान आल्यावर इंजिन खोलण्यास दुसरे एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं पाना हातीं घेण्यापूर्वीं इंजिनाभोंवतीं एक फेरी घातली, ती चिंधी सोडून फेकून दिली, गळलेलें तेल पुसलें, चेंबरांत कमी पडलेलें तेल भरलें आणि इंजिन चालू करण्यास सांगितलें. तासाभरानें पाहतों तों गळती थांबलेली ! ते एवढेंच म्हणाले, "भाऊसाहेब, नाक दाबलं कीं तोंड उघडतं. यंत्राचंहि तसंच आहे." आणलेलें सामान तसेंच फडताळांत पडलें, गेलेलें पाणी मात्र परत आलें नाहीं.

पोटांतील हवेचा जमाखर्च

मिस्त्रींच्या त्या वाक्याचा अर्थ नीट कळण्यास थोडा हिशेब करावा लागेल. उदाहरणादाखल आपण लिस्टर जातीचें सहा अश्वशक्तीचें, एका सिलिंडरचें इंजिन घेऊं. इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत डर्सली नांवाचें गांव आहे. तेथें १८६७ सालीं स्थापन झालेल्या लिस्टर कारखान्यानें हीं सावकाश चालणारीं इंजिनें सुमारें १९३० पासून १९८७ पर्यंत बनविलीं. आपल्या देशांत राजकोट येथील कारखान्यांनींहि त्याच नमुन्यावर पुष्कळ इंजिनें काढलीं. इंजिन दुसऱ्या कोणत्याहि कारखान्याचें असलें तरी आंकडे मात्र बदलतील, तत्त्व बदलणार नाहीं.

ह्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ११४.३ मिलिमीटर म्हणजे साडेचार इंच आहे, आणि दट्ट्याची धांव १३९.७ मिलिमीटर म्हणजे साडेपांच इंच आहे. त्यावरून दट्ट्या एकदां खालीं येतांना आपल्याखालची सुमारें १.४३ लिटर हवा दाबतो असें निघतें. ही हवा जेथें दाबली जाते ती जागा म्हणजे क्रँककेस. आपल्याकडे तिलाच चेंबर म्हणतात. त्यांत क्रँक फिरतो व तळाशीं वंगणाचें तेल असतें. इंजिन मिनिटास ६५० फेरे करतें. तेव्हां एका मिनिटांत सुमारें ९३० लिटर हवा, म्हणजे गोड्या तेलाचे १५ लिटरचे बासष्ट डबे भरतील इतकी, चेंबरांत पुनः पुन्हां दाबली जाते व सैल होते.

ह्यांत आणखी एक भर पडते. दट्ट्याच्या रिंगा कितीहि चांगल्या असल्या तरी जळत्या डिझेलाचा थोडा वायु त्यांच्या फटींतून निसटून चेंबरांत उतरतोच. रिंगा झिजल्या म्हणजे तो अधिक उतरतो. ही जमेची बाजू झाली. आतां खर्चाची वाट न ठेवली तर शिल्लक वाढत जाणार, म्हणजे पोटांतील दाब वाढणार. वाढलेला दाब मग मिळेल त्या फटींतून बाहेर पडतो. क्रँकचीं टोकें, झांकणाचें पॅकिंग, तेल मोजण्याच्या पट्टीचें भोंक, ह्या सर्व वाटांनीं तो जातो व जातांना तेल घेऊन जातो. आमच्या बेअरिंगांस कांहींहि झालें नव्हतें. त्यांच्या वाटेनें दाब बाहेर पडत होता.

म्हणून यंत्रकारांनीं ब्रीदर ठेविला. कांहीं इंजिनांत तो म्हणजे केवळ जाळीची टोपी घातलेली नळी असते. लिस्टर जातीच्या इंजिनांत त्याच्या आंत एक हलकी, पातळ चकती किंवा पट्टी बसविलेली असते. दट्ट्या खालीं आला कीं दाबलेली हवा चकती उचलून बाहेर जाते. दट्ट्या वर चालला कीं चकती मिटते व बाहेरची हवा आंत येऊं देत नाहीं. अशा रीतीनें थोड्याच फेऱ्यांत जादा हवा निघून जाते व पोटांतील सरासरी दाब बाहेरच्या हवेहून किंचित् कमी होतो. मग क्रँकच्या टोकांशीं तेल बाहेर ढकललें जाण्याऐवजीं आंतच ओढलें जातें. धुळीचें भय आम्हांस वाटलें होतें, पण ही चकती नीट मिटत असेल तर ब्रीदरच्या तोंडानें धूळ आंत जातच नाहीं. चकती मोडली वा अडकली, तर मात्र प्रत्येक फेऱ्यास हवेबरोबर धूळहि आंत ओढली जाते, आणि तेलांत मिसळून बेअरिंगांस कानशीसारखी झिजविते.

ओलावा आणि मळी

ब्रीदरचें दुसरें काम ओलावा बाहेर टाकण्याचें आहे. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें उत्पन्न होतें. त्यांतील बहुतेक धुराच्या नळीनें निघून जातें, परंतु कांहीं अंश रिंगांच्या फटींतून चेंबरांत येतो. इंजिन पुरेसें तापलेलें असेल व ब्रीदर मोकळा असेल तर ही वाफ बाहेर पडते. इंजिन थंड असेल तर ती भिंतींवर थिजते, तेलांत मिसळते, आणि तेल ताकासारखें पांढुरकें होऊन त्याची चिकट मळी बनते. हीच मळी ब्रीदरच्या जाळींत बसून त्याचें तोंड बंद करते.

आपल्याकडे ही अडचण विशेष होण्याचें एक कारण आहे. विहिरीचें गार पाणी पंपाच्या नळींतून फांटा काढून सरळ इंजिनाच्या जॅकेटांत सोडण्याची वहिवाट सर्वत्र दिसते. पाणी फुकट आहे म्हणून तोटी पूर्ण उघडी ठेवतात, व बाहेर पडणारें पाणी गार आहे म्हणून समाधान मानतात. हें समाधान खोटें आहे. बाहेर पडणारें पाणी ६० ते ७० अंश शतमान, म्हणजे हात क्षणभरच धरवेल इतकें ऊन असावें. तें गार येत असेल तर तोटी थोडी थोडी आंवळावी, मात्र पाण्याची धार कधींहि तुटूं देऊं नये. तसेंच इंजिन दहा मिनिटें चालवून बंद करण्याची संवय मोडावी. चालविलें तर तें चांगलें तापून वाफ निघून जाईल इतका वेळ चालवावें.

पूर्वीं डिझेलांत गंधकाचा अंश अधिक असे व ओलाव्याशीं मिळून त्याचें आम्ल होई. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलांत गंधकाचें प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांवर आणलें गेलें आहे. त्यामुळें आम्लाचें भय पुष्कळ कमी झालें, परंतु पाण्याचें झालेलें नाहीं. पाणी डिझेल जळण्यांतूनच येतें.

ब्रीदरची परीक्षा

इंजिन न खोलतां करण्यासारख्या तीन परीक्षा आहेत.

पहिली कागदाची. चालू व तापलेल्या इंजिनाच्या ब्रीदरसमोर पातळ कागदाची पट्टी धरावी. चकतीचा ब्रीदर असेल तर कागद ठोक्याठोक्यास बाहेर उडावा. तो तोंडास चिकटूं लागला तर चकती मिटत नाहीं असें समजावें. कागद मुळींच हलला नाहीं तर तोंड बुजलें आहे. साध्या नळीच्या ब्रीदरांत हवा आंतबाहेर करणारच, तेथें ती मोकळी वाहते एवढेंच पाहावें.

दुसरी पाण्याच्या नळीची. ही चकतीच्या ब्रीदरकरितां आहे. दोन-तीन हात लांब पारदर्शक नळी घेऊन ती फळीवर घोड्याच्या नालाप्रमाणें वांकवून खिळवावी, व तिच्या दोन्ही बाजूंस सारखें राहील असें थोडें रंगीत पाणी घालावें. नळीच्या दोन्ही भुजा हातभर उंच असाव्यात व पाणी खालच्या तिसऱ्या हिश्शांतच असावें, म्हणजे तें ओढलें जाऊन इंजिनांत शिरणार नाहीं. इंजिन चालू झाल्यावर तेल मोजण्याच्या पट्टीच्या भोंकांत घट्ट बुचांतून एक टोंक बसवावें. पाणी नाचूं लागेल. नळी बोटांनीं किंचित् दाबली म्हणजे तें स्थिर होतें. इंजिनाकडील भुजेंत पाणी वर चढलें तर पोटांत दाब कमी आहे, म्हणजे सर्व ठीक आहे. मोकळ्या भुजेंत वर चढलें तर पोटांत दाब सांठत आहे.

तिसरी परीक्षा दाब सांठण्याचा दोष कोणाचा हें ठरविण्याकरितां आहे. ब्रीदर धुऊन नीट बसविल्यावरहि दाब राहत असेल तर संशय रिंगांवर जातो. इंजिन बंद असतां फ्लायव्हील हातानें फिरवून दट्ट्या दाबाच्या फेऱ्यांत आणावा व कान ब्रीदरजवळ न्यावा. सूं सूं असा आवाज पोटांतून येत असेल तर वायु रिंगांच्या वाटेनें उतरत आहे. धुराच्या वा हवेच्या नळींतून येत असेल तर दोष व्हाल्वांचा आहे. एवढें पाहूनच कारागिरास बोलवावें, म्हणजे त्याचा व आपला दोघांचाहि वेळ वांचतो.

सफाईची रीत

प्रत्येक वेळीं चेंबरांतील तेल बदलतांना ब्रीदर धुवावा, आणि मळणीच्या दिवसांत त्याहून एकदां अधिक धुवावा. रीत सोपी आहे.

१. इंजिन बंद करून पूर्ण निवूं द्यावें. ब्रीदरभोंवतींची धूळ आधीं कोरड्या फडक्यानें पुसावी, म्हणजे तो काढतांना ती आंत पडणार नाहीं.

२. ब्रीदर सुटा करतांना त्याचे भाग ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें कागदावर मांडावे. चकतीची कोणती बाजू वर होती तें लक्षांत ठेवावें. उलटी बसविलेली चकती हा नेहमीं होणारा दोष आहे.

३. सर्व भाग रॉकेलांत भिजवून मऊ कुंचल्यानें धुवावे. पेट्रोल वापरूं नये, तें चटकन् पेट घेतें. तारेच्या कुंचल्यानें चकती घांसूं नये, तिला ओरखडे पडून ती मिटेनाशी होते.

४. चकती सपाट कांचेवर ठेवून पाहावी. ती डुलली तर वांकली आहे, बदलावी. ती हलकी असावी व तिची उचल अल्पच असावी. जड चकती किंवा फार उंच उचलली जाणारी चकती पुढच्या फेऱ्याच्या आधीं वेळेवर बसत नाहीं.

५. जाळीची टोपी असल्यास ती धुऊन, वाळवून, स्वच्छ तेलाचा हात लावून निथळूं द्यावी. तेलकट जाळींत धूळ अडकते, कोरड्या जाळींतून ती पार होते.

६. बसवितांना पॅकिंग नवें घालावें. पॅकिंग फाटकें असेल तर ब्रीदर कितीहि चांगला असला तरी हवा बाजूनें शिरते.

७. शेवटीं चेंबरांतील तेलाची पातळी पाहावी. तेल कमी असेल तर त्यांत बुडून तें उडविणारी पळी तेलास पोंचत नाहीं व बेअरिंग जळतें. तेल खुणेहून अधिक असेल तर तें घुसळलें जाऊन धूर व गळती दोन्ही वाढतात.

चार वर्ज्य गोष्टी

पहिली, ब्रीदरचें तोंड चिंधीनें, बुचानें वा कशानेंहि बंद करूं नये. ह्याविषयीं वर लिहिलेंच आहे.

दुसरी, ब्रीदरची नळी इंजिनाच्या हवा घेण्याच्या नळीस जोडूं नये. नव्या मोटारींत अशी बंद रचना असते हें खरें. पण तेथें तेल अडविण्याची व ओढ आवरण्याची स्वतंत्र योजना केलेली असते. झिजक्या रिंगांच्या जुन्या डिझेल इंजिनांत अशी जोडणी केली तर वंगणाचें तेलच हवेबरोबर सिलिंडरांत जाऊन जळूं लागतें, आणि मग डिझेल बंद केलें तरी इंजिन थांबत नाहीं, उलट त्याची गति वाढत जाते. असा प्रसंग आलाच तर हवा घेण्याचें तोंड फळीनें दाबून बंद करावें, हातानें नव्हे; आणि फ्लायव्हीलच्या रेषेंत उभें राहूं नये.

तिसरी, धूर खोपटाबाहेर नेण्याकरितां नळी जोडावयाची असेल तर ती ब्रीदरच्या तोंडाहून बारीक नसावी, आंखूड असावी व तिला कोठेंहि झोळ नसावा. झोळांत पाणी व तेल सांठून तोंड बंद होतें. नळीचें टोंक वर मोकळ्या असलेल्या डब्यांत सोडावें, म्हणजे ठिबकणारें तेल त्यांत गोळा होईल. तें टोंक विहिरीकडे मुळींच नसावें. पुष्कळ वस्त्यांवर त्याच विहिरीचें पाणी माणसें व गुरें पितात. गोळा झालेलें तेल पाटांत किंवा बांधावर न ओततां जुन्या तेलाच्या डब्यांत सांठवून तेल घेणाऱ्यास द्यावें.

चौथी, इंजिन अति तापून बंद पडलें किंवा आंतून खडखड ऐकूं आली तर लागलींच चेंबरचें झांकण उघडूं नये, व ब्रीदरजवळ विडी, काडी वा कंदील नेऊं नये. चेंबरांत तेलाचें धुकें असतें. तापलेल्या भागाशीं त्यास ताजी हवा मिळाली तर तें एकदम पेटूं शकतें. ११ सप्टेंबर १९४७ रोजीं रेना देल पासिफिको ह्या ब्रिटिश जहाजावर, दुरुस्तीनंतरच्या चांचणींत उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, डिझेल इंजिनांच्या क्रँककेसमध्यें स्फोट होऊन २८ माणसें प्राणास मुकलीं. आमच्या विहिरीवरील इंजिन त्या राक्षसी यंत्रांपुढें खेळणें आहे, परंतु तेलाच्या धुक्याचा स्वभाव दोन्हीकडे एकच. झांकणासमोर वांकणाऱ्याचा चेहरा झांकणापासून वीतभरच दूर असतो. म्हणून अशा इंजिनास निदान वीस मिनिटें निवूं द्यावें, मगच झांकणास हात लावावा.

नोंद ठेवण्याविषयीं

आमचें आयुष्य महसुलाच्या कचेरींत नोंदी करण्यांत गेलें, त्यामुळें शेवटीं एका वहीची शिफारस केल्यावांचून राहवत नाहीं. इंजिनाच्या खोपटांत खिळ्यास एक लहान वही टांगावी व तींत पांच रकाने आंखावे : तारीख, चाललेले तास, घातलेलें तेल, ब्रीदरची परीक्षा, आणि गळती. लिहिण्यास दोन मिनिटें पुरतात. पूर्वीं आठवड्यास पावशेर तेल लागे व आतां अर्धा शेर लागूं लागलें, हें वहीशिवाय ध्यानांत येत नाहीं. आणि वाढत्या तेलाबरोबर ब्रीदरचा धूरहि वाढत असेल तर रिंगा झिजत चालल्याची ती आगाऊ सूचना होय. अशी सूचना उन्हाळ्यांत मिळाली तर दुरुस्ती सवडीनें होते. ती न घेतली तर इंजिन गहूं फुलोऱ्यावर असतांनाच अडतें. आमच्या त्या वर्षीं अशी वही असती तर "चिंधी बांधली" आणि "तेल गळूं लागलें" ह्या दोन नोंदी एकाखालीं एक दिसल्या असत्या, आणि कारागिरास बोलविण्याआधींच त्यांचा संबंध आमच्या लक्षांत आला असता.

ब्रीदर धुण्यास वाटीभर रॉकेल, एक फडकें आणि पाव तास लागतो. आमच्या बंधूंनीं हा अंक वाचून झाल्यावर आपल्या खोपटांत जाऊन एवढेंच पाहावें कीं इंजिनाचें हें तोंड कोठें आहे व तें मोकळें आहे कीं नाहीं. कोणी बांधलेली चिंधी तेथें सांपडली तर ती आजच सोडावी, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.